आचार्य चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे

गाणे शिकावयाचे तर गुरूपुढे बसावे लागते, हे आपणांपैकी कोणास समजावून सांगावे लागत नाही. गुरू तंबोरा जुळवतो, एक स्वर लावतो; शिष्य तो ऐकतो, घोटतो, आणि पुष्कळ वर्षांच्या मेहनतीनंतर त्यास स्वतःचा गळा सापडतो. कीर्तन, पखवाज, वेदपठण या सर्वच विद्या आपल्याकडे अशा रीतीने पिढ्यानपिढ्या चालत आल्या. चित्रकलेविषयी मात्र आपल्या घराघरांतून एक निराळीच समजूत आढळते. चित्र काढणे ही उपजत देणगी आहे. ती ज्यास लाभली त्यास शिकवण्याचे कारण नाही, आणि ज्यास लाभली नाही त्यास शिकवून काही उपयोग नाही, असे पुष्कळांस वाटते. त्यामुळे मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढलेल्या चित्राचे आपण घटकाभर कौतुक करतो आणि मग त्यास गणिताकडे वळवतो.

ही समजूत किती अपुरी आहे हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहिले असता ध्यानात येते, असे एक थोर चित्रकार माळव्यातील मराठी समाजात जन्मास आले आणि त्यांच्या हातून सर्वांत मोठे कार्य बडोद्यास घडले. कै. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचे नाव. चित्रकार म्हणून त्यांची कीर्ती देशभर झाली. परंतु चित्रकला शिकवता येते, ती हातचे काही राखून न ठेवता शिकवावी, आणि तशी शिकवूनही शिष्याचे स्वत्व अबाधित ठेवता येते, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने दाखवून दिले, ही त्यांची दुसरी थोरवी होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा हाच धागा मुख्यतः उलगडावयाचा आहे.

बेंद्रे यांचा जन्म 21 ऑगस्ट 1910 रोजी इंदूर येथे झाला. होळकरांच्या या राजधानीत मराठी माणसे पेशवाईपासून स्थायिक झालेली. वाडे, देवळे, गणेशोत्सव, मराठी शाळा आणि घरात मराठी, बाजारात माळवी अशी दुहेरी बोली, असे तेथील जीवन होते. शहराच्या मध्यभागी सात मजली राजवाडा, त्यापासून जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, आणि शहराबाहेर पडताच माळव्याची काळी जमीन व वर मोकळे आकाश. चित्रकाराच्या डोळ्यास हवे ते सारे तेथे होते. ते कसे पाहावे हे दाखवणारा कोणी तेवढा हवा होता.

तो योग 1927 च्या सुमारास जुळून आला. श्री. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार इंदुरात चित्रकलेचे शिक्षण देऊ लागले आणि त्यांच्या प्रयत्नांतून तेथील कलाशाळा उभी राहिली. त्या काळी चित्रकलेच्या बहुतेक शाळांतील शिक्षणाचा क्रम ठरलेला असे. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांची छाया व प्रकाश पेन्सिलीने महिनोन्‌महिने घोटावयाचे, मग कापडाच्या घड्या, मग बैठा मनुष्य, आणि रंगाची पाळी अगदी शेवटी. या शिस्तीने हात तयार होई यात शंका नाही. परंतु खोलीच्या उत्तरेकडील खिडकीतून येणाऱ्या स्थिर उजेडाची एकदा सवय झाली म्हणजे बाहेरचे ऊन कागदावर उतरवणे अवघड जाते. देवळालीकरांनी आपल्या विद्यार्थ्यांस उघड्यावर नेले. रस्ता, घाट, झाड, बाजार जसे आहेत तसे, उन्हात बसून, रंगातच रंगवावयास लावले.

या पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगणे येथे अस्थानी होणार नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातील पांढरी भिंत आपण पांढरीच आहे असे मानतो, कारण ती पांढरी आहे हे आपणांस आधीच ठाऊक असते. परंतु डोळे किंचित मिटून नीट पाहिले तर उन्हातील भाग पिवळसर, सावलीतील भाग निळसर आणि जमिनीलगतचा भाग मातीच्या परावर्तित प्रकाशाने तांबूस दिसतो. सावली म्हणजे काळा रंग नव्हे, हे ज्यास एकदा कळले त्याच्या चित्रात ऊन येते. ऊन तर क्षणोक्षणी सरकत असते. तेव्हा बारीकसारीक तपशिलात न गुंतता आधी मोठे आकार व त्यांची सापेक्ष गडदता पकडावी लागते आणि रंग ठाम हाताने, एकदाच लावावा लागतो. फ्रान्समधील चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी दृष्टी सिद्ध केली, तिचाच हा माळव्यातील अवतार होता. पाण्याच्या रंगात पांढरा मिसळून तो जाड व अपारदर्शक करण्याच्या रीतीवर इंदूरच्या या विद्यार्थ्यांनी चांगलाच हात बसवला. रंग लवकर वाळतो, वर पुन्हा रंग चढवता येतो आणि उजेडाचा ठिपका शेवटी ठेवता येतो, हे या रीतीचे गुण होत.

देवळालीकरांच्या हाताखाली बेंद्रे यांच्याप्रमाणेच श्री. देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि श्री. विष्णु चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार घडले. चिंचाळकर यांस पुढे सारे इंदूर गुरुजी म्हणून ओळखू लागले. वाळलेली पाने, काटक्या, फुटक्या वस्तू यांतून ते चित्रे घडवीत व मुलांस पाहावयास शिकवीत. पुढे जगप्रसिद्ध झालेले मकबूल फिदा हुसेन हेही तरुणपणी इंदुरासच राहत असत व कलाशाळेच्या सायंवर्गास जात. या होतकरू मुलास चित्रकार होऊ द्यावे असे त्यांच्या वडिलांस पटवून देण्यात, वयाने काही वर्षांनीच मोठे असलेल्या बेंद्रे यांचा वाटा होता असे सांगतात. दुसऱ्याच्या मुलाच्या अंगचा गुण ओळखून त्याच्या वडिलांकडे रदबदली करावयाची, ही वृत्ती पुढच्या शिक्षकाची पूर्वखूणच म्हटली पाहिजे.

एकाच गुरूच्या या शिष्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर ती एकमेकांसारखी दिसत नाहीत. देवळालीकरांनी आपली शैली कोणावर लादली नाही. त्यांनी दिली ती पाहण्याची सवय. बेंद्रे यांनी गुरूकडून रंग व रेषा तर घेतल्याच, परंतु गुरुपणाची ही रीतही घेतली, आणि ती त्यांनी जन्मभर पाळली.

इंदूरच्या शाळेतील विद्यार्थी मुंबईच्या सरकारी परीक्षांस बसत असत. बेंद्रे यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. ही पदवी घेतली आणि 1933-34 च्या सुमारास मुंबईची चित्रकलेची सरकारी पदविकाही संपादन केली. ही दुहेरी तयारी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रकाराने पुस्तकी शिक्षणाकडे पाठ फिरवावी असा काही नियम नाही. वाचलेले, ऐकलेले, प्रवासात पाहिलेले सारेच शेवटी कुंचल्यातून उतरते. बाँबे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांस 1934 साली रौप्यपदक व 1941 साली सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्या वेळच्या चित्रकारांत त्यांचे स्थान निश्चित झाले.

परंतु पदकांनी पोट भरत नाही. 1936 साली बेंद्रे काश्मीरला गेले आणि तेथील प्रवासी विभागात चित्रकार व वृत्तलेखक म्हणून सुमारे तीन वर्षे त्यांनी नोकरी केली. माळव्याच्या तांबूस, धुळकट उजेडात वाढलेल्या डोळ्यांस तेथे निराळीच सृष्टी दिसली. बर्फावरून परतणारा प्रकाश, पाण्यात उलटे उमटलेले डोंगर, चिनाराची पाने, लाकडी घरे. प्रदेश बदलला की रंगांचा मेळही बदलावा लागतो आणि एका ठिकाणी साधलेली हातोटी दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही, हा धडा निसर्गचित्रकारास असा प्रवासच शिकवतो. बेंद्रे जन्मभर प्रवास करीत राहिले. रेखाटनाची वही आणि रंगांची पेटी हे त्यांचे सोबती होते.

येथवर त्यांची वाट सरळ होती. त्यांनी तेथेच थांबावयाचे ठरवले असते तर एक उत्तम निसर्गचित्रकार म्हणून त्यांस मान मिळत राहिला असता, चित्रांस गिऱ्हाइकेही मिळाली असती. परंतु ज्या कलेत आपण निपुण झालो तीच पुन्हा पुन्हा करीत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 1945 साली ते शांतिनिकेतनास जाऊन राहिले. वयाची पस्तिशी आलेली, सुवर्णपदक मिळवलेला चित्रकार तेथे पुन्हा विद्यार्थी झाला.

शांतिनिकेतनात त्या वेळी आचार्य नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज ही तीन मोठी माणसे एकाच परिसरात काम करीत होती. नंदलालांकडे रेषेचे सामर्थ्य होते. कुंचल्याच्या एका ओघवत्या फटकाऱ्यात बैलाची पाठ, स्त्रीच्या डोईवरची घागर, झाडाचा झोक उभा करावयाचा, आणि छायाप्रकाशाचा आधार घ्यावयाचा नाही, ही आशियातील जुनी परंपरा ते जागती ठेवीत होते. बिनोदबाबूंनी मोठमोठ्या भिंती चित्रांनी जिवंत केल्या होत्या. रामकिंकर सिमेंट व खडी यांसारख्या ओबडधोबड साहित्यातून संथाळ माणसांच्या मूर्ती घडवीत होते. इंदूरच्या शाळेत बेंद्रे प्रकाश पाहावयास शिकले होते. येथे त्यांनी आकाराची लय आणि रेषेची काटकसर पाहिली. निसर्गात दिसते तेवढे सारे चित्रात आणण्याचे कारण नाही, त्यातून निवडावे लागते, आणि त्या निवडीतच चित्रकाराचे मन प्रकट होते, ही दृष्टी त्यांच्या पुढील कामात स्पष्ट दिसते.

1947 साली, देश स्वतंत्र होत असताना, ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथील आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत त्यांनी मुद्राचित्रणाचे, म्हणजे धातूच्या अगर दगडाच्या पाट्यावरून चित्राचे ठसे काढण्याच्या कलेचे शिक्षण घेतले. 1948 साली त्याच शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही झाले. परतताना त्यांनी युरोपातील देशांत थांबून तेथील संग्रहालये पाहिली. ज्या चित्रांच्या लहानशा काळ्यापांढऱ्या प्रतिमा हिंदुस्थानातील विद्यार्थी पुस्तकांतून पाहत असत, ती मूळ स्वरूपात, रंगाच्या थरांसह, जवळून पाहावयास मिळाली. रंगाचा थर कोठे जाड आहे, कोठे कॅनव्हास उघडा सोडला आहे, कुंचला कोणत्या दिशेने फिरला आहे, हे छापील प्रतीत कधीही कळत नाही. चित्रकारास अशा दर्शनाचे मोल फार असते.

या साऱ्या विद्येचा विनियोग करण्याची संधी त्यांस बडोद्याने दिली. बडोद्याची भूमी कलाशिक्षणास नवी नव्हती. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी 1890 साली तेथे कलाभवन स्थापन केले होते. राजा रविवर्मा यांस बोलावून त्यांनी पुराणप्रसंगांची चित्रे रंगवून घेतली, संग्रहालय उभारले आणि त्यास जोडून युरोपीय चित्रांची दालने केली. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर तर खुद्द नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात गंगावतरण, महाभारतीय युद्ध, मीराबाईचे जीवन व रवींद्रनाथांच्या नाटकातील नटीची पूजा हे विषय चितारले होते. महाराज 1939 साली निवर्तले, परंतु त्यांनी पेरलेले बीज कायम होते. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी, श्रीमती हंसा मेहता कुलगुरू असताना, विद्यापीठात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. श्री. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता. शिल्पकलेसाठी श्री. शंखो चौधरी आले, आणि चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून बेंद्रे यांची नियुक्ती झाली. पुढच्या वर्षी श्री. के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले.

विद्यापीठात चित्रकला, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. चित्रकार घडतो तो कारखान्यात अगर गुरूच्या घरी. त्यास पदवी कशास, असे म्हणणारे लोक होते. उलट पक्षी, विद्यापीठात आला म्हणजे चित्रकार कोरडा पंडित होईल, अशीही भीती होती. नव्या शाखेतील शिक्षकांस ही दोन्ही टोके टाळावयाची होती. विद्यार्थ्याने कलेचा इतिहास शिकावा, सौंदर्यशास्त्र वाचावे, आणि त्याच वेळी दिवसाचा मोठा भाग हात रंगात बुडवून घालवावा, असा अभ्यासक्रम त्यांनी आखला. पुष्पबागेच्या आवारात चालणाऱ्या या वर्गांत शिक्षक स्वतःही चित्रकार म्हणून काम करीत असत. शिक्षकाचे अर्धे रंगलेले चित्र विद्यार्थ्यांस पाहावयास मिळे, ही गोष्ट लहान नव्हे. पुरे झालेले चित्र केवळ परिणाम दाखवते. अर्धे चित्र विचार दाखवते.

बेंद्रे यांच्या शिकवण्याची विशेष ख्याती होती ती प्रात्यक्षिकांसाठी. विद्यार्थी भोवती उभे असत आणि ते त्यांच्यासमोर चित्र रंगवून दाखवीत. बोलण्यापेक्षा करून दाखवण्यावर त्यांचा भर असे. असे प्रात्यक्षिक म्हणजे नेमके काय, याची कल्पना प्रत्येक वाचकास असेलच असे नाही. समोर एक मनुष्य बसलेला असतो. चित्रकार प्रथम डोके, मान व खांदे यांचा मोठा आकार कॅनव्हासवर मांडतो. डोळे, नाक यांकडे अजून लक्ष देत नाही. मग उजेडाचा व सावलीचा भाग असे दोन मोठे हिस्से करतो. त्यानंतर उष्ण व शीत रंग शेजारी शेजारी ठेवून कपाळाचा उंचवटा, गालाची वळण दाखवतो. डोळ्यातील चमक शेवटी एका ठिपक्याने येते. पाहणारा विद्यार्थी या क्रमातून शिकतो की साम्य हे तपशिलाने येत नाही, मोठ्या आकारांच्या परस्परसंबंधाने येते. आणखीही एक गोष्ट तो शिकतो. मोठा चित्रकारही चुकतो, चुकलेला भाग सुरीने खरवडतो, पुन्हा रंगवतो. चूक ही लाज नव्हे, कामाचाच तो एक भाग आहे, हे जितके अशा दर्शनाने पटते तितके व्याख्यानाने पटत नाही.

आपल्या कसबातील युक्त्या झाकून ठेवणारे कारागीर आपण पाहतो. मुलासही शेवटची मात्रा न सांगणारे वैद्य आणि बंदिशीचा अंतरा चोरून ठेवणारे गवई यांच्या गोष्टी आपल्याकडे चवीने सांगतात. विद्यार्थ्यांसमोर उभा राहून रंगवणाऱ्या चित्रकारास काहीच लपवता येत नाही. प्रात्यक्षिक चुकले तर फजितीही चारचौघांत. अशा रीतीने शिकवावयाचे तर कसब पक्के हवे आणि मनही मोकळे हवे.

परंतु येथेच मोठा धोका असतो. गुरूचा हात इतका सफाईदार आणि तो रोज डोळ्यांसमोर, तर शिष्य त्याची नक्कल करू लागणार हे उघड आहे. पुष्कळ नामवंत कलाशिक्षकांच्या पदरी अशी नकलांची फौज जमलेली आपण पाहतो. बेंद्रे या संकटातून कसे सुटले, याचे एक उत्तर त्यांच्या स्वतःच्या चित्रांत आहे. ते एका शैलीत स्थिर राहिलेच नाहीत. बडोद्यास आल्यावर त्यांनी आपली जुनी निसर्गचित्रांची वाट बाजूस ठेवून घनवादी रीतीने, म्हणजे वस्तूचे पैलू भूमितीच्या आकारांत मांडून, रंगवावयास आरंभ केला. 1955 साली त्यांच्या काटा या चित्रास ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळाला. पुढे 1960 नंतरच्या वर्षांत ते अमूर्ताकडे वळले. रंग कॅनव्हासवर वाहू देऊन त्यातून काय उमटते हे त्यांनी पाहिले. ज्या गुरूची स्वतःची चित्रे दर काही वर्षांनी पालटत, त्याची नक्कल शिष्याने कोठवर करावी? शिष्याच्या हाती राहतो तो शोध घेण्याचा परिपाठ.

दुसरे उत्तर त्यांच्या विभागाच्या रचनेत आहे. बेंद्रे तैलरंगांचे व पाश्चात्त्य पद्धतीच्या रंगलेपनाचे जाणकार. सुब्रमण्यन शांतिनिकेतनाच्या परंपरेतून आलेले, लोककला, भित्तिचित्र व हस्तव्यवसाय यांकडे ओढा असलेले. शंखो चौधरी रामकिंकरांच्या हाताखाली तयार झालेले शिल्पकार. भिन्न मतांची ही माणसे एका छताखाली होती. विद्यार्थ्यास एकाच दिवसात दोन विरुद्ध मते ऐकावयास मिळत आणि निर्णय त्याचा त्यास करावा लागे.

याचे फळ नावानिशी सांगता येते. श्री. ज्योती भट्ट चित्रकलेबरोबर मुद्राचित्रणात अग्रेसर झाले आणि पुढे कॅमेरा घेऊन खेड्यांतील भिंतींवरील व अंगणांतील चित्रे टिपीत हिंडले. श्री. शांती दवे यांनी मेणमिश्रित रंगांच्या जाड थरांत लिपीसारख्या आकृती गुंफल्या. श्री. हिंमत शहा यांनी शिल्पाकडे वळून मातीची मस्तके घडवली. श्री. रतन परिमू कलेतिहासाचे विद्वान अध्यापक झाले. श्री. गुलाम मोहम्मद शेख गुजरातीतील कवी म्हणूनही नावाजले आणि त्यांनी बडोद्यासच अध्यापन केले. काश्मीरचे श्री. गुलाम रसूल संतोष हे 1954 साली शिष्यवृत्ती घेऊन बेंद्रे यांच्याकडे शिकावयास आले, आणि पुढे तंत्रमार्गातील प्रतीकांच्या आधारे चित्रे काढणारे म्हणून प्रसिद्धीस आले. या सहाजणांपैकी कोणाचेही चित्र बेंद्रे यांच्या चित्रासारखे दिसत नाही. शिक्षकाच्या यशाची याहून चांगली साक्ष कोणती असणार?

शिष्यांस शिष्य म्हणून दूर ठेवण्याची रीतही त्यांनी मानली नाही. 1956 साली बडोद्याच्या चित्रकारांचा एक गट स्थापन झाला आणि त्याचे प्रदर्शन मुंबईस भरले. त्यात बेंद्रे व सुब्रमण्यन यांची चित्रे त्यांच्याच तरुण विद्यार्थ्यांच्या चित्रांशेजारी टांगलेली होती. पाहणाऱ्याने हवी तर तुलना करावी. विभागप्रमुखाने आपल्या विद्यार्थ्यांशी अशी बरोबरी मान्य करणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. तरुणांस त्यामुळे किती धीर आला असेल याची कल्पना करता येते.

1959 साली बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. 1966 साली त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला व ते मुंबईस जाऊन राहिले. सोळा वर्षांची ही सेवा. या काळात बडोद्याचे नाव चित्रकलेच्या नकाशावर कलकत्ता, शांतिनिकेतन, मुंबई व मद्रास यांच्या पंक्तीस जाऊन बसले होते.

मुंबईस गेल्यावर त्यांनी आणखी एकदा आपली रीत बदलली. अमूर्ताचा शोध पुरा करून ते पुन्हा माणसांकडे आले. खेड्यातील स्त्रिया, पाण्यास निघालेल्या मुली, आई व मूल, झाडाखालची विसावलेली माणसे हे त्यांचे विषय झाले; परंतु रंगवण्याची पद्धत निराळी होती. सारे चित्र ते रंगाच्या लहान लहान ठिपक्यांनी भरीत. शेजारी शेजारी ठेवलेले निरनिराळ्या रंगांचे ठिपके दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात, आणि ते मिश्रण पेटीत कालवलेल्या रंगापेक्षा अधिक सजीव भासते. या पद्धतीचा उगमही फ्रान्समध्ये, 1880 नंतरच्या दशकात झाला. बेंद्रे यांच्या हाती ती आपल्याकडच्या उन्हाची झाली. इंदुरास सतरा-अठरा वर्षांच्या वयात सावलीतील निळा रंग पाहावयास शिकलेला मुलगा, सर्व वाटा हिंडून, साठीनंतर पुन्हा त्याच उजेडापाशी आला असे म्हणता येईल. मात्र आता त्यात नंदलालांच्या रेषेची लय होती, घनवादाचा बांधेसूदपणा होता आणि अमूर्तातून आलेला रंगाचा मोकळेपणाही होता.

मानसन्मान त्यांस पुष्कळ मिळाले. 1969 साली भारत सरकारने पद्मश्री दिली, 1974 साली ललित कला अकादमीने आपले अधिछात्रत्व अर्पण केले, मध्य प्रदेश शासनाच्या कालिदास सन्मानाने त्यांच्या जन्मप्रांताने त्यांचा गौरव केला. 1992 साली त्यांस पद्मभूषण ही पदवी जाहीर झाली आणि त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या निधनास आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांची चित्रे संग्रहालयांत व संग्राहकांच्या घरी आहेत. ती लाखो रुपयांस विकली गेल्याच्या वार्ताही वाचनात येतात. परंतु आपणांसारख्या गृहस्थांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचे ते वेगळेच आहे, आणि त्यास पैसा लागत नाही.

आपल्या घरी मूल चित्र काढते. झाड निळे रंगवते. आपण लगेच सांगतो की झाड हिरवे असते, आणि रंगाची कांडी त्याच्या हातून घेऊन झाड हिरवे करूनही दाखवतो. बेंद्रे यांचे गुरू व स्वतः बेंद्रे यांनी यापेक्षा निराळे केले असते, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटते. मुलास बाहेर न्यावे. देवळाच्या आवारातील पिंपळ सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीच्या वेळी असा तीनदा दाखवावा. तो प्रत्येक वेळी हिरवाच दिसतो काय, हे त्यास विचारावे, आणि उत्तराची घाई करू नये. आपणांस स्वतःस थोडेफार काढता येत असेल तर त्याच्या शेजारी बसून आपल्या कागदावर काढावे. त्याच्या कागदास हात लावू नये. आपला हात चुकला तर चुकू द्यावा, आणि तो त्यास दिसू द्यावा.

इतक्याने प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, व तशी आवश्यकताही नाही. पण त्याचे डोळे उघडे राहतील. आणि एखादे खरोखरच त्या वाटेस लागले, तर इंदुरात एका तरुण चित्रकाराने दुसऱ्याच्या मुलासाठी जशी रदबदली केली होती, तशी आपल्या घरी कोणास करावी लागू नये, एवढी काळजी आपण अवश्य घेऊ शकतो. आचार्य बेंद्रे यांच्या स्मृतीस याहून योग्य असे अभिवादन दुसरे नाही.